महमूदच्या वाट्याचा कप

हैदराबादहून परत येऊन आठ दिवस झाले. भेटेल तो विचारतो, चारमिनार पाहिला का, मोती घेतले का, बिर्याणी कुठं खाल्लीत. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असं आहे. बिर्याणी न खाता परतलेली बाई पाहून लोकांचे चेहरे असे उतरतात की मलाच त्यांची समजूत घालावी लागते. मी तिथं पाच दिवस होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका माणसाला फुटबॉलचा सामना बघायला न्यायचं, एवढ्या एका कामासाठी मी गेले होते. ते काम झालं नाही. तरी माझ्या आयुष्यात एवढा कामाचा प्रवास दुसरा झाला नसेल.

आधी ईशानबद्दल सांगते. ईशान माझ्या धाकट्या बहिणीचा, मीनाचा मुलगा. मीना आणि तिचा नवरा श्रीकांत तीस वर्षांपासून न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये आहेत, ईशान तिथंच जन्मला. तो पोटासाठी फुटबॉल खेळतो आणि मागच्या फळीत खेळतो. समोरच्या माणसाला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. आमच्या घरात फुटबॉलचा गंध कुणाला नव्हता, त्यामुळे गोल न करण्याचे कुणी पैसे देतं हे मला पुष्कळ दिवस खरं वाटत नव्हतं. न्यूझीलंडच्या मुलांच्या संघातून तो खेळला, मग दोन सामने मोठ्या संघातूनही खेळला. आणि एके दिवशी त्याने आईला सांगितलं की यापुढे मी भारताकडून खेळणार.

हे बोलायला सोपं आहे. भारताच्या संघात भारताचा पासपोर्ट लागतो, आणि आपल्याकडे दोन पासपोर्ट चालत नाहीत. म्हणजे जन्मापासूनचा होता तो सोडायचा, आणि त्याआधी वर्षभर इथं येऊन राहायचं. ते वर्ष तो माझ्याकडे पुण्यात राहिला. आयुष्यभर विमा कचेरीत नोकरी केल्यामुळे कागदांची मला भीती नाही, म्हणून सगळ्या खेपा मीच त्याच्याबरोबर घातल्या. शेवटी एका खिडकीपाशी उभं राहून त्याने तो न्यूझीलंडचा काळा पासपोर्ट आत सरकवला. बाहेर आल्यावर सलग दोन वडापाव खाल्ले आणि मग म्हणाला, "अण्णांना फोन लावूया."

अण्णा म्हणजे श्रीकांतचे वडील, भगवंतराव. मूळचे परभणीकडच्या शेतकरी घरातले, पण जवळजवळ सगळी हयात हैदराबादेत गेली. तरुणपणी तेही मागच्या फळीत खेळायचे, शहरात त्यांचं नाव होतं, पण देशाच्या संघात जाणं काही झालं नाही. ईशान नऊ वर्षांचा असताना अण्णा चार महिने ऑकलंडला राहिले होते. परसातल्या गवतावर त्याच्या उजव्या पायाला फडकं बांधायचे आणि सांगायचे, आज हा पाय नाहीच असं समज. ईशानचा डावा पाय तिथं तयार झाला. तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं, की अण्णांचं राहिलेलं मी पुरं करीन.

त्या दिवशी फोन सुधाताईंनी उचलला. सुधाताई म्हणजे अण्णांची मुलगी, ईशानची आत्या. त्या म्हणाल्या अण्णा झोपलेत. दुसऱ्या दिवशीही झोपलेले होते. तिसऱ्या दिवशी ईशानला कळलं. त्यानंतर दीड वर्ष अण्णा त्याच्याशी फोनवर बोलले नाहीत. भारताची पहिली जर्सी मिळाली तेव्हा त्याने ती अण्णांना पाठवली, त्याचीही पोच नाही. आणि मग ठरलं की भारताचा एक मैत्रीचा सामना हैदराबादला होणार, आणि समोर न्यूझीलंड.

"मावशी, तू जा," ईशान मला म्हणाला. "अण्णांना घेऊन ये. काही बोलले नाहीत तरी चालेल, नुसते येऊन बसू देत."

पुण्याच्या माणसाला आपण कुणालाही काहीही पटवू शकतो असं वाटत असतं. मी बॅग भरली.

दिलसुखनगर

सुधाताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली साड्यांची दुकानं, वर शिकवणी वर्ग, आणि प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे, त्यांच्या नंबरांसकट. सुधाताई स्वतःही गणिताच्या शिकवण्या घेतात. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, घरात त्या आणि अण्णा दोघंच. त्यांनी दारातच माझ्या हातातली बॅग काढून घेतली. "या ताई, कितना इंतजार करायचं माणसानं," असं म्हणत त्या त्याच दमात खाली कुणाला तरी तेलुगूत काही ओरडल्या. तीन भाषा एका वाक्यात नांदवायला मला एक जन्म पुरणार नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची चटणी आणि वरण. वरणाला त्या पप्पू म्हणतात आणि त्यात चिंच एवढी घालतात की पहिल्या घासाला माझे डोळे मिटले. आमच्याकडचं गोडं वरण त्यांनी एकदा पुण्यात खाल्लं होतं. "आजारी माणसाचं वाटलं मला," त्या म्हणाल्या. मी ते मनावर घेतलं नाही, पण विसरलेही नाही.

अण्णा खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसलेले होते. अंग आता वाळून गेलंय, पण पाय अजून रुंद पंजाचे, जमिनीवर घट्ट रोवलेले. मला नमस्कार केला, प्रवासाचं विचारलं, मीनाची चौकशी केली. ईशानचं नाव काढलं नाही. त्यांच्या मागच्या कपाटावर कुरियरचं एक पाकीट होतं, चिकटपट्टीसकट जसंच्या तसं. ते काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जेवणाआधी सुधाताईंनी चहा आणला तो आम्हा दोघींना, अण्णांना दूध. या शहरात चहाला कुणी नाही म्हणतं याचं मला नवल वाटलं. सुधाताई म्हणाल्या, मी जन्मल्यापासून अण्णांना चहा घेताना पाहिलेलं नाही, आईनंही नव्हतं पाहिलं. मी मनात म्हटलं, पित्ताचा त्रास असेल.

रात्रीपर्यंत थांबावं एवढा धीर मला नसतो. जेवणं होताच मी विषय काढला. शुक्रवारी सामना आहे, गाडी दारात येईल, सावलीतली जागा आहे, हे सगळं नीट सांगितलं. अण्णा ऐकत होते. मग मी माझ्या मते सगळ्यात चांगलं वाक्य टाकलं. म्हटलं, "अण्णा, तुमचं जे राहून गेलं ना, तेच तो पुरं करतोय. आपल्या माणसांकडून खेळतोय."

अण्णा उठले. काठी घेतली, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. सुधाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटं उचलायला लागल्या. मी तिथंच बसून राहिले. काहीतरी चुकलं हे कळत होतं, काय चुकलं ते कळत नव्हतं, आणि हे मला मुळीच सहन होत नाही.

कोठी

दुसऱ्या दिवशी अण्णा नाश्त्यालाही बाहेर आले नाहीत. सुधाताईंना शिकवणीसाठी जुनी पुस्तकं हवी होती, मला घेऊन त्या कोठीला गेल्या. पुस्तकांच्या गल्लीत दुकानदार नुसतं कव्हर पाहून सांगतात, हे यंदा नाही चालायचं अम्मा, मागल्या सालचं आहे. सुधाताई घासाघीस करताना उर्दूत बोलतात. मला वाटतं तेलुगूत त्यांना फार नम्र व्हावं लागत असावं.

उन्हानं डोकं उठलं तेव्हा आम्ही एका इराणी हॉटेलात शिरलो. सुधाताईंनी 'वन बाय टू' सांगितलं. पोऱ्या एक चहा आणि एक रिकामा कप घेऊन आला. मला वाटलं दुसरा चहा यायचाय, म्हणून मी वाट पाहत बसले. सुधाताईंनी शांतपणे अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. इथं दोघांत एक चहा घ्यायची रीतच आहे. आणि लोक चिक्कू म्हणतात ते आम्हा पुणेकरांना. मी तसं म्हटल्यावर सुधाताई पहिल्यांदा मनापासून हसल्या.

मग मी त्यांना विचारलं, अण्णांचं नेमकं दुखणं काय आहे. त्यांना माहीत नव्हतं. पासपोर्ट सोडल्याचा राग असेल, असं त्यांना वाटायचं. मुलाला शिकवून परदेशी पाठवण्यात अण्णांनी किती खस्ता खाल्ल्या हे त्यांनी पाहिलं होतं. नातवानं ते परत आणून टाकलं, हे त्यांना सोसलं नसेल. मलाही ते पटलं. आम्ही दोघी शहाण्या बायका अर्धा अर्धा चहा पीत अण्णांचा चुकीचा हिशेब मांडत होतो.

घरी आलो तर अण्णा दारातच उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात काठी. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, उद्या गौलीगुड्याला चलता का? सुधा नको. तुम्हीच चला."

गौलीगुडा

बसस्थानकाच्या अलीकडे अण्णांनी रिक्षा थांबवली आणि गल्लीबोळातून असे चालू लागले की माझीच धाप लागली. भांड्यांची दुकानं, दोऱ्यांची दुकानं, मसाल्याच्या पोत्यांचा ठसका. ते मधेच थांबायचे, काठीनं एखादी भिंत दाखवायचे आणि पुढे जायचे. काय दाखवलं ते सांगायचे नाहीत.

शेवटी एका कोपऱ्यावर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान लागलं. अण्णांनी दुकानदाराला सलाम करून दोन स्टुलं मागितली. त्याने पंखाही आमच्याकडे वळवला. रंगीत कव्हरांच्या माळांखाली आम्ही बसलो. अण्णा म्हणाले, इथं इराणी हॉटेल होतं, आणि महमूद तिथं बसायचा, गल्ल्याकडे पाठ करून.

महमूद त्यांचा जोडीदार. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच मैदानावर अनवाणी खेळलेले. महमूद पुढे खेळायचा, अण्णा मागे. सरावात रोज एकमेकांच्या समोर. उजव्या पायाला फडकं बांधून डाव्यानं खेळायचा नाद महमूदचा. त्यानेच तो अण्णांना लावला. आणि त्या पोरांचा एक कायदा होता.

"सामना झाला की बॅक अन् त्यानं अडवून धरलेला फॉरवर्ड, दोघांनी एक चहा घ्यायचा," अण्णा म्हणाले. "एकच. ओतायचा बॅकनं. बशी बॅकची, कप फॉरवर्डचा. गुडघे फुटलेले असू द्या, शिव्या झालेल्या असू द्या. चहा झाला की ते मैदानावरचं मैदानावर राहिलं."

मग राज्यं भाषेवर विभागली गेली. परभणी हैदराबाद राज्यात राहिली नाही, मुंबई राज्यात गेली. गावाहून अण्णांचे थोरले भाऊ आले आणि म्हणाले, आता आपलं राज्य तिकडे, तू आपल्या माणसांकडून खेळायचं. मुंबईला नोकरीची व्यवस्थाही त्यांनीच केली. अण्णा वीस वर्षांचे होते, भाऊ वडिलांच्या जागी, आणि आपली माणसं म्हटल्यावर छाती भरूनही आली होती. महमूदला काही न सांगता ते गेले. सांगायचं कसं हे सुचलं नाही, म्हणून उद्या सांगू, परवा सांगू करत गाडीची वेळ झाली.

पुढच्याच वर्षी नव्या राज्याचा संघ सामन्यासाठी हैदराबादला आला. अण्णांना सांगितलं गेलं, तू महमूदला धर, त्याच्या खोडी तुला ठाऊक आहेत. आणि त्यांनी धरलं. महमूद कुठं वळणार हे त्याच्या आधी यांना कळायचं. शेवटपर्यंत त्याला चेंडू नीट मिळू दिला नाही. त्या सामन्यानंतर हैदराबादच्या संघातून महमूदला काढलं, तो पुन्हा आत आला नाही.

"सामना संपल्यावर तो म्हणाला, चाय पे आता ना? मी हौ म्हटलं," अण्णा म्हणाले. "अन् संघासंगं स्टेशनाला गेलो. गाडीला तीन तास होते, ताई. जाता आलं असतं. मला तोंड दाखवायची लाज वाटली."

दोन वर्षांनी नोकरी सोडून ते हैदराबादला परत आले आणि सरळ या कोपऱ्यावर आले. महमूद आईला घेऊन कराचीला मामाकडे गेला होता, पत्ता कुणाकडे नव्हता. हॉटेलच्या मालकानं एवढंच सांगितलं, की त्या संध्याकाळी महमूद दोन तास बसला होता. चहा मागवून, गार होऊ नये म्हणून कपावर बशी झाकून.

दुकानदार गिऱ्हाइकाला कव्हर बसवून देत होता. अण्णा त्याच्या हातांकडे पाहत होते.

"ईशान म्हणतो, अण्णासाठी केलं," ते म्हणाले. "मी नको म्हणत नाही. वाटलं तिथून खेळावं माणसानं. पण आपल्या माणसांकडं जाताना मागं कोण राहिलं, ते त्याला दिसंना झालंय. तो टेविता येणार हाय ना त्यांच्याकडून?"

टेविता हे तिकडे मुलाचं नाव असतं. आमच्याकडे कविता, सविता, तसा हा टेविता, पण सहा फूट दोन इंच. त्याचे आजी-आजोबा टोंगा नावाच्या बेटावरून न्यूझीलंडला आले. ईशानच्या शेजारच्या घरात तो वाढला, आणि अण्णा ऑकलंडला होते तेव्हा फडकं एकट्या ईशानच्या पायाला नव्हतं बांधलेलं, दोघांच्याही बांधलेलं होतं. तो पुढे खेळतो. शुक्रवारी ईशानने त्यालाच धरायचं होतं.

"मला ते बघणं होत नाही, ताई," अण्णा म्हणाले. "ईशानला एवढा निरोप द्या. जिंको नाही तर हरो, सामना झाला की त्या पोराला घरी आण म्हणावं. तसाच गाडीत बसून जाऊ नको म्हणावं."

गच्चीबावली

त्याच संध्याकाळी संघाच्या हॉटेलात ईशान मला अर्धा तास भेटला. मी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. अण्णा येणार नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण महमूदचं ऐकता ऐकता तो खुर्चीत पुढे सरकत गेला. मी थांबले तेव्हा तो तळहातांकडे पाहत होता.

"मी टेविताला सांगितलंच नव्हतं, मावशी," तो म्हणाला. "त्याला बातमीतून कळलं. त्यानंतर माझ्या एकाही मेसेजला त्याने उत्तर दिलं नाही. मी कुठल्या तोंडानं बोलावू?"

वर्षभर एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. रोज जेवताना हा पोरगा फोन उलटा ठेवायचा, आणि मी त्याला शिस्त समजत होते. खिडकीपाशी पासपोर्ट देतानाही मी त्याच्या शेजारीच होते. सगळ्या कागदांच्या मी तीन तीन प्रती काढल्या होत्या. मागे कोण राहतं आहे हे विचारायचं मात्र मलाही सुचलं नाही. मला माझीच लाज वाटली, आणि ते मी त्याला तसं सांगितलं.

शुक्रवारी मी एकटीच मैदानावर गेले. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर मी पाण्याची बाटली ठेवली. पाहुण्यांचं राष्ट्रगीत आधी झालं. आमचे खेळाडू ओळीत ताठ उभे होते. ईशानने मान खाली घातली होती, आणि त्याचे ओठ हलत होते. लोक झेंडे सारखे करण्यात गुंतले होते, मोठ्या पडद्यावर दुसरेच चेहरे होते, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्याला वर्षभर रोज सकाळी पाहिलंय, मला दिसलं. मग आपलं राष्ट्रगीत लागलं आणि तो मान वर करून मोठ्यानं म्हणाला. दोन्ही खरं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते नेमकं कुठल्या गाण्याला हे मला सांगता येणार नाही.

सामन्याचं वर्णन मी करू नये. मला चेंडूपेक्षा ही दोन पोरंच दिसत होती. टेविता वळला की ईशान तिथं, ईशान पुढे आला की टेविता त्याच्या पाठीमागे. एकमेकांना एवढं ओळखणारी माणसं एकमेकांकडे एकदाही न बघता नव्वद मिनिटं राहिली. भारताचा एक गोल झाला. शेवटी शेवटी टेविता सगळ्यांना मागे टाकून एकटाच सुटला. ईशान घसरत आला आणि डाव्या पायानं त्याने चेंडू तेवढा काढून घेतला, टेविताला धक्काही न लावता. टेविता तोल जाऊन पडला. ईशानने हात पुढे केला. टेविताने तो घेतला नाही, स्वतःच उठला.

शिट्टी वाजली. आपले खेळाडू ईशानवर तुटून पडले, कुणी त्याला उचललं. त्या गर्दीतून मान वर काढून तो बाहेर जायच्या वाटेकडे बघत होता. टेविता केव्हाच आत गेला होता.

पुन्हा दिलसुखनगर

माझी गाडी शनिवारी दुपारची होती. सकाळी उठले तर अण्णा दाढी करून, पांढरा सदरा घालून खिडकीपाशी बसलेले. सुधाताई म्हणाल्या, सहापासून बसलेत. न्यूझीलंडच्या संघाचं विमान दुपारी होतं, म्हणजे यायचं तर सकाळीच. ईशानचा रात्री फक्त एक मेसेज आला होता, बघतो म्हणून. सात वाजले, आठ वाजले. खाली शिकवणीच्या पोरांची ये-जा सुरू झाली. अण्णांनी दूध घेतलं नाही.

पावणेनऊला बेल वाजली. मी दार उघडलं, ईशान एकटाच उभा होता. मग तो बाजूला झाला, तर मागे जिन्यावर टेविता बुटांचे बंद सोडत बसलेला. एवढा मोठा देह पायरीवर मावत नव्हता. ऑकलंडला अण्णांनीच शिकवलं होतं त्याला, घरात बूट काढून यायचं. तो वाकून आत आला आणि अण्णांच्या खुर्चीपुढे थेट जमिनीवर बसला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अण्णा सुधाताईंना म्हणाले, "चहा टाक. एकच कप. बशी दे." मग त्यांनी ईशानला सांगितलं, आणि ईशानने तुटक तुटक टेविताला सांगितलं, गल्लीचा कायदा काय होता तो. महमूदचंही सांगितलं. टेविता ऐकत होता. चहा आला तेव्हा तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, की तू गेलास त्याचं मला काही नाही, तुला वाटलं तिकडे जायचा तुला हक्क होता, पण मला ते टीव्हीवरून कळलं. ईशान म्हणाला, हो. कप उचलून त्याने बशीत चहा ओतायला घेतला, तर कप एवढा वाकडा झाला की अर्धा ट्रेमध्येच सांडला. टेविताने त्याचं मनगट धरलं. मग दोघांनी मिळून ओतला. ईशानने बशीतला घेतला, टेविताने कपातला, आणि दोघांचीही तोंडं एकदमच भाजली, कारण दोघांनाही चहाची सवय नाही.

"कालचा डावा पाय माझा नव्हता बरं," अण्णा ईशानला म्हणाले. "महमूदचा होता. ध्यानात ठेव." म्हणजे ते सामना बघत होते. मी मैदानावर आणि सुधाताई शिकवणीत असताना टीव्ही लावला असणार.

टेविताला विमान होतं, ते दोघं अर्ध्या तासात गेले. जाताना ईशानने कपाटावरचं पाकीट पाहिलं. अण्णांनीच काठीनं ते खाली ओढलं आणि मांडीवर घेतलं. खिडकीतून आम्ही पाहिलं. खाली रिक्षात दोघांची चार गुडघ्यांची अडचण झाली होती, आणि टेविता काहीतरी बोलत होता, न थांबता, इतक्या दिवसांचं साचलेलं.

मी बॅग भरायला आत गेले. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला, "सुधा, मलाबी टाक थोडा."

सुधाताई ओट्यापाशी उभ्याच राहिल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला आणि भांडं चढवलं. मी बाहेर येऊन बसले, गाडीचं भानही राहिलं नाही. चहा आला. अण्णांनी कप दोन्ही हातांनी उचलला, अर्धा बशीत ओतला. एक थेंबही सांडला नाही. उरलेला कप त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवला, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. आणि बशी ओठाला लावून सावकाश, आवाज करत, सगळा चहा प्यायले.

"साखर लई टाकतात आता," ते म्हणाले, आणि डोळे मिटून मागे टेकले.

थोड्या वेळानं सुधाताई कपबशी उचलायला पुढे झाल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, असू द्या, गार होईपर्यंत तरी.